अंडीचोराचा खटला



कारखान्यात चोरी झाली की मालाजवळ जो उभा सापडतो तोच चोर ठरतो. अशी माणसे सोडवण्यात माझी बरीच वर्षे गेली. तसाच एक खटला मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात सत्तर वर्षे चालला; आरोपी मात्र सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी मेलेला.

१९२३ च्या जुलैत रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकन मोहिमेला तिथल्या तांबड्या कड्यांपाशी डायनासोरची अंडी सापडली. आदल्याच वर्षी तिथे कवचाचा एक तुकडा हाती लागला होता, पण तो पक्ष्याचा समजला गेला. त्या परिसरात प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी प्राण्याचे सांगाडे विपुल, म्हणून अंडी त्याचीच असे ठरले. एका घरट्यावर मात्र दुसऱ्याच, दात नसलेल्या प्राण्याचा सांगाडा होता. मध्ये जेमतेम चार इंच वाळू. १९२४ साली ऑस्बॉर्न यांनी त्याला नाव दिले ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. हे नाव प्राण्याच्या स्वभावाबद्दल दिशाभूल करील, अशी पुस्तीही त्यांनीच जोडली. ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. आरोपपत्राच्या तळाशी लिहिलेल्या ओळींचे असेच होते!

साक्ष होती कवचात. कवच चुन्याच्या स्फटिकांचे असते. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यातले थर दिसतात, आणि आतल्या पिलाला हवा पुरवणारी छिद्रेही दिसतात. छिद्रे पुष्कळ असली तर अंडी मातीत पुरलेली, थोडी असली तर उघड्यावर उबवलेली, असा अंदाज बांधता येतो. गोबीतल्या या लांबट अंड्यांवर बारीक कंगोरे आहेत आणि कवचाची घडण पक्ष्यांच्या कवचाला जवळची आहे. तरी नुसते कवच आईबापांचे नाव सांगत नाही. त्यासाठी आतले पिलू लागते. ते १९९३ मध्ये उखा तोल्गोद येथे मिळाले. कवच त्याच प्रकारचे, आणि आतली हाडे ओव्हिरॅप्टरच्या कुळातली! याच कुळातल्या एका प्राण्याचा, अंड्यांवर हात पसरून बसलेला सांगाडा १९९५ मध्ये जगापुढे आला. चोर म्हणून पकडलेला तो बहुधा आपलीच अंडी उबवीत होता.

नाव मात्र अंडीचोर हेच राहिले, कारण प्राणिशास्त्रात आधी दिलेले नाव सहसा बदलत नाही. ज्याची अंडी चोरल्याचा बोभाटा झाला, त्या प्रोटोसेराटॉप्सची खरी अंडी २०२० मध्ये ओळखली गेली. त्यांना कठीण कवचच नव्हते. कातड्यासारखे मऊ आवरण होते.