शकुंतलेचे इंजिन आणि बिडाचे चाक



आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील वयस्क माणसांस ‘शकुंतला’ आगगाडी ठाऊक आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर १९९४ पर्यंत जे वाफेचे इंजिन धावत असे, ते १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले होते. लहानपणी आम्ही त्याच्या शिट्टीवर भाळत असू. पण ते समुद्रापलीकडून धड कसे पोहोचले असेल, हा प्रश्न पुढे वर्गात इतकी वर्षे इतिहास शिकवूनही मला सुचला नाही.

वास्तविक हा प्रश्न आपल्या आगगाडीइतकाच जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी नेणारी इंजिने लँकेशायरातील व्हल्कन फाउंड्रीत घडविलेली होती. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. तत्पूर्वी असला अवजड माल आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून येई. १८५२ साली मुंबईत उतरलेले पहिले इंजिन सुमारे दोनशे मजुरांनी रस्त्यांतून ओढून नेले. मुंबईचे दैव बलवत्तर म्हणावयाचे! कलकत्त्यासाठी निघालेले डबे ‘गुडविन’ जहाजासह हुगळीच्या मुखाजवळ बुडाले, आणि इंजिन तर चुकून ऑस्ट्रेलियास गेले. तेथील गाडी सुरू होण्यास १८५४ चा ऑगस्ट उजाडला.

जहाज बुडणे दैवाधीन असेल; यंत्रास तडा न जाऊ देणे मात्र बांधणाराच्या हाती असते. म्हणून इंजिने बहुधा सुटी करून पाठवीत. बाष्पपात्र निराळे, सांगाडा निराळा, चाके निराळी आणि बारीकसारीक भाग पेट्यांत. पुन्हा जुळविताना घोटाळा होऊ नये यास्तव भागांवर खुणेचे आकडे ठोकीत. खारी हवा लागून गंज चढू नये म्हणून घासलेल्या भागांस चरबी व सफेदा यांचा लेप देत. बिडाची गोष्ट याहून नाजूक. बीड दाबाला दगडासारखे खंबीर, पण ताण आणि धक्का त्यास सोसत नाही. त्याचा भार जाड भागाखाली ओंडके देऊन त्यांवर तोलावयाचा, आणि ते तसूभरही हलू नये अशा पाचरी ठोकावयाच्या.

हे ज्ञान आमच्या घरी उशिरा आले. मी शाळेत असताना वडिलांनी विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे बिडाचे जड चाक उमरखेडहून बैलगाडीने फुलसावंगीस आणविले. खाली कडबा उदंड, वरून दोरखंड करकचून आवळलेले. चाक उतरविल्यावर लोहाराने त्यावर हातोडीची टिचकी मारली. घंटेसारखा नाद यावयाचा, तो आवाज बद्द आला. आऱ्यापाशी केसाएवढी चीर होती.

“भाऊ, कडबा लय घातला,” तो वडिलांस म्हणाला, “पण सारा भार एकाच काठावर ठेवला.”

असले चाक फिरविणे म्हणजे जिवाशी खेळ. वडिलांनी ते बसविले नाही. दुसरे येईतो विहिरीत पाणी असूनही आमचा गहू वाळला.