देहाचे निवेदन आणि राज्याची छाननी

मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने एक प्रस्तावपत्रिका प्रसिद्ध केली. अपंग व्यक्तींना मिळणाऱ्या ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ अर्थात ‘पिप’ या भत्त्याच्या पात्रतेचा नियम बदलावा, असे तीत सुचवले होते. स्वयंपाक, जेवण, आंघोळ, कपडे घालणे, वाचणे, लोकांत मिसळणे अशा दैनंदिन जीवनातील दहा क्रिया. प्रत्येक क्रियेतील अडचणीला ठरावीक गुण. बेरीज आठ झाली की भत्ता आणि बारा झाली की वाढीव भत्ता, अशी तोवरची रीत होती. आता या बेरजेखेरीज किमान एका क्रियेत एकरकमी चार गुण हवेत, अशी अट येऊ घातली होती.

वरवर पाहता हा बदल हिशेबनिसाच्या वहीतला वाटतो. पण गुणांचा तक्ता उघडला की त्याचा अर्थ ध्यानात येतो. केस किंवा कमरेखालचे अंग धुण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल तर दोन गुण. खांदा आणि कंबर यांमधले अंग धुण्यासाठी लागत असेल तर चार. म्हणजे ज्या स्त्रीला पाय धुवायला, कपडे चढवायला, ताटातले अन्न चिरायला आणि शौचालयात जायला रोज थोडाथोडा आधार लागतो, तिचे दोन-दोन गुण मिळून आठ होत असले तरी ती नव्या अटीनुसार अपात्र ठरणार होती. सरकारच्याच अंदाजानुसार त्या वेळी भत्ता घेणारे ३,७०,००० लोक या अटीमुळे तो गमावणार होते आणि प्रत्येकाचे सरासरी नुकसान वर्षाला ४,५०० पौंडांचे होते.

ही अट प्रत्यक्षात आली नाही. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी विरोध नोंदवला आणि १ जुलै २०२५ रोजी, विधेयकावर चर्चा चालू असतानाच, सरकारने ते कलम मागे घेतले. जे घडलेच नाही त्याचा इतिहास कशाला लिहायचा, असे कोणी विचारील. आमच्या मते इतिहास नेमका त्याचाच लिहायला हवा. मार्च ते जुलै या साडेतीन महिन्यांत लाखो घरांत जी भीती वस्तीला आली, ती कलमाबरोबर मागे गेली नाही. कारण ती त्या कलमातून जन्मलेलीच नव्हती. तिचे वय सुमारे दोनशे वर्षांचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही भीती हा धोरणाचा अनपेक्षित परिणाम नसून, फार पूर्वी जाणीवपूर्वक घडवलेले ते एक प्रशासकीय हत्यार आहे.

एलिझाबेथ राणीच्या काळातील १६०१च्या गरीब कायद्याने लुळे, आंधळे, वृद्ध, दुर्बल अशांच्या पालनपोषणाची जबाबदारी त्या त्या परगण्यावर टाकली होती. धडधाकट गरिबाला काम आणि दुर्बळाला साहाय्य अशी ती विभागणी होती. मदत कोणाला द्यायची हे ठरवणारे लोक अर्जदाराला बहुधा ओळखत असत. ती ओळख दयाळू असे असे नाही, पण ती ओळख होती. १८३४च्या नव्या कायद्याने हे चित्र पालटले. मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कमी हवीशी वाटली पाहिजे, हे तत्त्व त्याने प्रमाण मानले. त्यासाठी वर्कहाउस उभी राहिली: नवरा-बायकोला वेगळे ठेवणारी, गणवेश घालायला लावणारी, मोजून अन्न देणारी. मदत नाकारायची नाही, पण ती अशा रूपात द्यायची की अगतिक झाल्याखेरीज कोणी तिच्याकडे फिरकणार नाही. गरजवंत कोण हे शोधण्याचे काम अधिकाऱ्याऐवजी भीतीवर सोपवण्यात आले. कागदोपत्री हा कठोरपणा धडधाकटांसाठी होता. प्रत्यक्षात वर्कहाउस भरली ती मुलांनी, म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी आणि अपंगांनी.

साहित्याच्या अभ्यासकांना याची साक्ष डिकन्समध्ये सापडते. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सर्वांना ठाऊक आहे. पण या संदर्भात ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४–६५) या कादंबरीतील बेटी हिग्डन अधिक बोलकी आहे. ही थकलेली म्हातारी वर्कहाउसच्या धास्तीने घर सोडते, अंत्यविधीपुरते पैसे कपड्यात शिवून घेऊन वाटेवर फिरत राहते आणि वाटेवरच मरते. कायद्याने तिच्यावर कोणताही अन्याय केलेला नाही. तिच्यासाठी दार उघडेच होते. त्या दाराची भीती हेच कायद्याचे यश होते आणि डिकन्सने ते यश दाखवून दिले.

हे तत्त्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर थांबले नाही. १८७६–७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये ते आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले. जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मदतीचा खर्च आवरण्यासाठी मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवण्यात आले. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड इतकी खाली आणण्यात आली. मुंबई इलाख्यात हजारो लोक काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली; गावोगावची माहिती गोळा करून सरकारी अहवालांना उत्तर देणारे अहवाल सिद्ध केले. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगाने जी चौकट आखली, तिच्या मुळाशीही कामाची कसोटी होती. जो खडी फोडायला तयार होतो तो खरा गरजू. जो खडी फोडू शकत नाही, त्याचे नाव फुकट मदतीच्या यादीत. मात्र ‘शकत नाही’ हे ठरवणार दुसराच कोणी. आपल्याकडे ‘निराधार’ या शब्दामागे उभी असलेली दाखल्यांची आणि याद्यांची व्यवस्था या चौकटीची वारसदार आहे, हे विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९४२च्या बेव्हरिज अहवालानंतर कल्याणकारी राज्य आकाराला आले आणि १९४८मध्ये जुना गरीब कायदा रीतसर संपुष्टात आणला गेला. तथापि नव्या घरातही अपंगांना सारखी जागा नव्हती. युद्धात किंवा कारखान्यात अवयव गमावलेल्याला भरपाई होती. विम्याची वर्गणी भरलेल्याला आजारपणाचा भत्ता होता. जन्मतः अपंग असलेला मुलगा किंवा घरकाम करताकरता अंथरुणाला खिळलेली गृहिणी यांना त्यांच्या अपंगत्वाबद्दल काहीच मिळत नव्हते. १९६५मध्ये मेगन द्यू बॉइसन आणि बेरित मूर या, मज्जासंस्थेच्या दुर्धर विकाराने ग्रासलेल्या दोन स्त्रियांनी ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ स्थापन केला, तो या विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी. त्यानंतरच्या दशकात, १९७१मध्ये शुश्रूषा भत्ता आणि १९७६मध्ये संचार भत्ता सुरू झाला.

याच काळात एक वेगळा स्वर उमटला. संस्थेत राहण्याचा अनुभव घेतलेल्या पॉल हंट यांनी १९७२मध्ये ‘गार्डियन’ला पत्र लिहून अपंगांच्या स्वतःच्या संघटनेची हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘युपियास’ या संघटनेने १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चापुस्तिकेत मांडले की, शरीरातील व्यंग ही एक गोष्ट आणि समाजाने त्या शरीराभोवती उभे केलेले अडथळे ही दुसरी. माणसाला अपंग करतात ते हे अडथळे. या भूमिकेची मर्मदृष्टी आज अधिक जाणवते. केवळ भत्त्यांची मागणी करत राहिलो, तर तज्ज्ञांपुढे आपल्या देहाची उणीव सिद्ध करत राहणे हेच आपले प्राक्तन होईल, असा इशाराही या मंडळींनी तेव्हाच देऊन ठेवला होता.

१९९२मध्ये आलेल्या ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ या भत्त्याचे वैशिष्ट्य साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. त्याच्या लांबलचक अर्जात अर्जदाराने आपला दिवस, आपली रात्र, आपल्या अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात अशी अपेक्षा होती. वैद्यकीय दुजोरा मागता येत असे, पण आरंभीचे निवेदन प्रथमपुरुषी होते आणि त्याला पुराव्याचे स्थान होते. अनेकांना हा भत्ता मुदतीविना मंजूर झाला. एकदा सांगितलेली कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागत नव्हती. ही व्यवस्था आदर्श नव्हती. मनोविकार असलेल्यांना तो अर्ज जाचक वाटे, कित्येकांचे अर्ज फेटाळले जात. पण देहाच्या कथेचा निवेदक कोण, या प्रश्नाचे उत्तर तिने थोडेसे बदलले होते.

म्हणूनच त्या भत्त्यावर गंडांतर येण्याच्या शंकेनेही लोक पेटून उठत. डिसेंबर १९९७मध्ये नव्या मजूर सरकारच्या कपातीच्या हालचालींविरुद्ध चाकाच्या खुर्च्यांतून आलेल्या निदर्शकांनी डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकापाशी लाल रंग ओतला. दयेचा विषय मानली गेलेली माणसे आपण केवढी राजकीय आहोत, हे सांगत होती.

२०१०मध्ये अर्थसंकल्प मांडताना सरकारने या भत्त्यावरील कामकरी वयोगटाच्या अपेक्षित खर्चात २० टक्के बचतीचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट आधी ठरले. कोण किती अपंग, याची नवी व्याख्या त्यानंतर आली. २०१२च्या कायद्याने आणि एप्रिल २०१३पासून सुरू झालेल्या ‘पिप’ने ती व्याख्या गुणांत बसवली. वाढीव संचार भत्त्यासाठी चालण्याचे जे अंतर व्यवहारात ५० मीटर धरले जाई, ते २० मीटरवर आले. अर्जदार अर्ज अजूनही लिहितो. पण निर्णायक ठरतो तो कंत्राटी कंपनीच्या मूल्यमापकाने तृतीयपुरुषी लिहिलेला अहवाल. न्यायाधिकरणापर्यंत गेलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अपिले अर्जदारांच्या बाजूने लागत आली आहेत, ही वस्तुस्थिती त्या अहवालांविषयी पुरेसे सांगते. मुदतीविना मंजुरी विरळ झाली आणि फेरतपासणी हा नित्यक्रम बनला. सरकारी खात्याचे तपकिरी पाकीट दारात पडले की छातीत धस्स होते, असे तिथले अपंग लोक लिहू लागले.

त्यानंतरचा घटनाक्रम जवळजवळ ठरल्यासारखा आहे. मार्च २०१६मध्ये साहाय्यक साधने वापरणाऱ्यांचे गुण कमी करण्याचा प्रस्ताव आला. खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला. २०१७मध्ये मानसिक त्रासामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना संचार भत्त्यातून वगळणारा नियम आला. त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो भेदभावकारक ठरवला आणि सरकारला सुमारे १६ लाख प्रकरणे पुन्हा पाहावी लागली. २०२५मध्ये चार गुणांची अट आली आणि गेली. मात्र त्याच विधेयकातून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मधील आरोग्यविषयक वाढीव रक्कम एप्रिल २०२६पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांसाठी जवळपास निम्मी करण्याची तरतूद कायद्यात उतरली, हेही नोंदवले पाहिजे. माघारीच्या गलबल्यात ही तरतूद अनेकांच्या नजरेतून सुटली.

सरकारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. ब्रिटनमध्ये हे भत्ते घेणाऱ्यांची संख्या २०१९नंतर झपाट्याने वाढली, मनोविकारांच्या नोंदी वाढल्या, खर्च वाढला. कोणत्याही राज्याला त्याचा विचार करावाच लागेल. आमचा आक्षेप क्रमाला आहे. बचतीचा आकडा आधी आणि माणसाची व्याख्या नंतर, हा क्रम असेल, तर छाननी सत्याचा शोध घेत नाही. आधीच ठरलेल्या उत्तरापर्यंत पोहोचण्याची ती वाट असते. अर्जदाराला हे कळते. आपण खरे बोललो तरी पुरेसे ठरणार नाही, ही जाणीव हाच त्याच्या भयाचा गाभा असतो.

महाराष्ट्रात १९८०पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के अपंगत्व लागते आणि त्यातला केंद्राचा वाटा २०१२मध्ये महिना ३०० रुपये झाला, तो पुढे दशकभर तेवढाच राहिला. ब्रिटनमधील रकमांशी याची तुलना होऊ शकत नाही. पण टक्केवारीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्याला, किंवा पायऱ्याच चढता येत नसल्याने खाली थांबलेल्याला, तपकिरी पाकिटाची भीती समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे ‘अपंग’चे सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ झाले. दाखला मागणारी खिडकी तीच राहिली.

२०२५च्या माघारीनंतर ब्रिटनमध्ये मंत्री स्टीफन टिम्स यांच्या नेतृत्वाखाली ‘पिप’च्या फेरविचाराचे काम अपंग व्यक्तींना सोबत घेऊन करण्याचे जाहीर झाले. यात कोण बोलले याची नोंद नक्कीच राहील. पण गुणांच्या तक्त्यातील शब्द कोणाच्या लेखणीतून उतरतात, केस धुण्याचे दोन गुण आणि पाठ धुण्याचे चार हे यापुढे कोण ठरवते, तिथे आमचे लक्ष राहील. पॉल हंट यांनी १९७२मध्ये आपल्या पत्राने हाच प्रश्न पुढे आणला होता.