तारीख 2015ची लावा

कालयंत्रात बसलेला क्वीन बँडचा प्रत्येक चाहता 1986चा वेम्ब्लीचा कार्यक्रम मागतो. तुम्ही मागू नका. 17 जानेवारी 2015 लावा. शनिवारची संध्याकाळ, लंडन.

नॉर्थ ग्रिनिचच्या भुयारी स्टेशनातून वर येता तोच बोचरी थंडी कानांना झोंबते. समोर ओटू अरीनाचा पांढरा घुमट, त्यातून वर घुसलेले पिवळे खांब. आत वीस हजार माणसं मावतात. तुमच्या रांगेत पिकल्या केसांचे आजोबा आहेत, त्यांच्यासोबत नातवंडंही. फ्रेडी नाही, मग क्वीन कसली, हा प्रश्न तुमच्याही मनात आहे. तुम्ही तर मराठी. थोडा जास्तच हक्क सांगणार. फारुख बुलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, झांझिबारहून शिकायला आला तो पंचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, आणि पियानो वाजवत पहिला बँड, ‘द हेक्टिक्स’, काढला तोही तिथेच. (स्ट्रॉबेरीसाठी तिथे गाडी थांबवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं!)

दिवे जातात. क्यू अक्षराच्या आकाराचा अवाढव्य पडदा उजळतो. ब्रायन मे, वय 67, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचं जंगल. हातातली गिटार त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरीच बनवलेली. दांड्याचं लाकूड जुन्या फायरप्लेसचं. तारा छेडायला प्लास्टिकचा पिक नाही, सहा पेन्सचं जुनं नाणं. ड्रम्सवर रॉजर टेलर, सोबतीला त्याचा मुलगा रूफस. बेसवाला जॉन डीकन नाही. त्याने 1997नंतर हे सगळं सोडलं.

आणि मग ॲडम लॅम्बर्ट. चामड्याचं जाकीट, डोळ्यांत काजळ. फ्रेडीने क्वीनबरोबर शेवटचा जाहीर कार्यक्रम केला तेव्हा हा चार वर्षांचा होता. 2009च्या ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये चाचणीला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गायला, अंतिम फेरीत मे आणि टेलरबरोबर उभा राहिला, आणि दुसरा आला! तुम्ही हाताची घडी घालून बसलेले. ‘किलर क्वीन’ला तो कोचावर आडवा पडतो, पंखा हलवत डोळे मिचकावतो. रांगेतले आजोबा खो खो हसतात. तुमची घडी सुटते.

नाटकात रिप्लेसमेंटला आलेला नट बरेचदा आधीच्याच्या लकबी उचलतो आणि तिथेच फसतो. लॅम्बर्ट मिशी लावत नाही. फ्रेडीची जागा घ्यायला आलेलो नाही, हे तो प्रेक्षकांना सरळ सांगून टाकतो. वरचे सूर मात्र उसने नाहीत. ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर’ ऐकताना तुमच्या अंगावर काटा येतो तो त्याच्याच गळ्यामुळे.

‘लव्ह ऑफ माय लाइफ’ला तो मंचावर नसतोच. मे एकटा, साधी गिटार घेऊन, प्रेक्षकांत घुसलेल्या रॅम्पच्या टोकाशी. अर्धं गाणं तुम्हीच म्हणता, आणि अखेरीस पडद्यावर फ्रेडी येऊन ते पुरं करतो. शेजारची बाई उघड रडते आहे. पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तही तो डोकावतो. मधला ऑपेराचा भाग ध्वनिमुद्रितच वाजतो. ही फसवणूक आहे असं वाटलं तर आठवा, फ्रेडी हयात असतानाही तो भाग टेपवरूनच यायचा. इतके आवाज चौघांनी मंचावर काढणं अशक्यच होतं.

आता माझं मत. लॅम्बर्टच्या आधी, 2004 ते 2009, पॉल रॉजर्स क्वीनबरोबर गायला होता. मोठा गायक, पण बाज ब्लूजचा. नाटकीपणा त्याला मानवत नाही, आणि क्वीनमधून नाटक काढलं तर उरतं काय? तरी त्याच्याबरोबर 2008मध्ये ‘द कॉसमॉस रॉक्स’ हा नव्या गाण्यांचा अल्बम निघाला. लॅम्बर्टबरोबर तसा एकही नाही. न निघालेलाच बरा. त्याचं काम मंचावर आहे, आणि ते तो चोख करतो.