छातीत शिरलेली हवा

ब्रेस्लाऊ, 1904. हवाबंद खोलीचं दार तुमच्यामागे लागतं, पंप सुरू होतो आणि कानांत दडे बसतात. टेबलावरच्या माणसाला डोकंच नाही, असं क्षणभर वाटतं. आहे, पण भिंतीपलीकडे. गळ्याभोवती रबर आवळून ते खोलीबाहेर ठेवलंय. भूल देणारा तिकडे, सर्जन फर्डिनांड साउरब्रुख आणि तुम्ही इकडे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हवेच्या धास्तीनं. छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुललेलं राहतं. बरगड्यांमधून वाट मिळाली की हवा आत घुसते आणि ते मिटतं. साउरब्रुखनं अख्ख्या खोलीचाच दाब उतरवलाय. समोर छाती उघडी आहे, तरी फुप्फुस हलतंय. डोकं अफाट चालवलंय बुवानं. पण रुग्णासाठी खोली बांधायची म्हणजे जरा अतीच!

आता स्टॉकहोम, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. या वेळी टेबलावर तुम्हीच आहात, क्षयाचे रुग्ण. रोगावर औषध नाही, म्हणून फुप्फुसाला विश्रांती मिळावी यासाठी डॉक्टर मुद्दामच छातीत हवा भरतात. ब्रेस्लाऊत जिची धास्ती होती, तीच इथे उपचार! पण तुमचं फुप्फुस बरगड्यांच्या आतल्या अस्तराला चिकटलंय, मिटतच नाही. हान्स क्रिस्तियान याकोबेउस बरगड्यांमधली जागा बधिर करतो. एका भोकातून दुर्बीण, दुसऱ्यातून विजेनं तापवलेली तार. 1910 मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घालून त्यानं हा मार्ग दाखवला. चिकटलेले धागे जळून तुटतात. तुम्ही जागे आहात, खोकला आवरून धरलाय, श्वास तुमचा तुम्हीच घेताय.

पुढची दशकं झरझर जाऊ द्या. श्वासनलिकेत नळी आली, दोन्ही फुप्फुसं वेगळी चालवणारी दुहेरी नळी आली, स्नायू ढिले करणारी औषधं आली. या नळीला नावं ठेवू नका. फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रिया तिच्याच जोरावर झाल्या. बदल्यात घसा सोलवटला, आवाज बसला, एवढंच.

ग्वांगझू, गेल्या दशकातलं. मेडिकल युनिव्हर्सिटीच्या रुग्णालयात तुम्ही पडद्यासमोर उभे आहात. रुग्ण कुशीवर झोपलाय, झोपेचं औषध चालू आहे. पण श्वासनलिकेत नळी नाही, लघवीची नळीही नाही. बरगड्यांमधल्या नसा बधिर केल्यात. छोटा छेद पडतो, हवा आत शिरते, फुप्फुस आपसूक मिटतं आणि दुर्बिणीला जागा होते. दुसऱ्या फुप्फुसावर माणूस श्वास घेतोय. फुप्फुसाच्या मुळाशी हात लागला तर खोकला उसळेल, म्हणून व्हेगस नसेजवळ बधिर करणारं औषध. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो. तेवढा चालवून घेतात. हे सगळ्यांना जमत नाही. लठ्ठ माणूस, चिकटलेलं फुप्फुस किंवा नळी घालायला अवघड घसा असेल तर डॉक्टर आधीच नकार देतात. आणि नळी ट्रॉलीवर तयार ठेवलेलीच असते.

रोगट तुकडा निघाला. एक बारीक नळी छातीत, तिचं दुसरं टोक पाण्यात. भूलतज्ज्ञ मास्कमधून फुप्फुस फुगवतो. बुडबुडे येतात, विरळ होतात, थांबतात. हवा गळत नाहीय. नळी ओढून शेवटचा टाका घट्ट केला जातो.

नंतरच्या एक्स-रेत वरच्या टोकाला थोडी हवा उरलेली दिसते. ती आपोआप शोषली जाईल. वाढली, तर छातीत नळी घालून बाटली लावावीच लागेल.