‘व्हिलेट’चा संदिग्ध शेवट

शार्लट ब्राँटे यांच्या ‘व्हिलेट’ (१८५३) या कादंबरीत निवेदिका ल्यूसी स्नो हिचा वाग्दत्त पती पॉल इमॅन्युएल अखेरीस बुडतो की परततो, हे सांगितलेले नाही. तीन वर्षे ग्वादलूप बेटावर राहून तो मायदेशी निघतो. सात दिवस वादळ घोंघावते, अटलांटिकवर फुटलेल्या जहाजांचे अवशेष पसरतात आणि ल्यूसी थांबते. आशावादी मनांनी हवे तर मीलन कल्पावे, एवढीच मुभा ती देते. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या चरित्रानुसार (१८५७), शेवट सुखाचा असावा, अशी शार्लट यांच्या वडिलांची इच्छा होती. लेखिकेने शेवट बदलला नाही. त्यावर पडदा तेवढा ओढला.

तरीही संहितेचा कौल मृत्यूकडेच झुकतो. आपल्या कुटुंबाची वाताहतही ल्यूसीने चौथ्या प्रकरणात अशीच सांगितली आहे : आधी शांत समुद्रावरील नौकेचे चित्र रंगविण्याची वाचकाला परवानगी, मग जहाज फुटल्याची कबुली. शिवाय, पॉलच्या प्रतीक्षेतील तीन वर्षेच आयुष्यातील सर्वांत सुखाची, असे केस पांढरे झालेली ल्यूसी म्हणते. तो परतला असता, तर हे वाक्य तिने लिहिले असते काय? अखेरच्या ओळींत क्षेमकुशल येते ते या दोघांना दूर करू पाहणाऱ्या तिघांचे. मादाम वॉल्रेवन्स तर नव्वदी गाठते. पॉलचे नाव तेथे नाही.