दमणची वहिवाट

दोन शेतांमधल्या बांधावरून बैलगाडी न्यायची की नुसतं पायी जायचं, यावरून आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत आली आहेत. मुंबई इलाख्याने १९०६ मध्ये मामलतदार कोर्टांचा कायदा केला तो अशा तंट्यांसाठीही; आजही अडवलेली वाट मोकळी करून मागायला शेतकरी त्याच कायद्याखाली तहसिलीत जातो. तिथे पहिला प्रश्न असतो, वहिवाट काय होती? हाच प्रश्न एकदा दोन देशांमध्ये उभा राहिला आणि त्याचा निवाडा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने केला. वाट होती दमणच्या किनाऱ्यापासून दादरा आणि नगर हवेलीपर्यंतची. तिचा उगम मात्र पुण्याच्या दरबारात सापडतो.

साल १७७९. जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडली होती. पण युद्ध संपलेलं नव्हतं आणि राघोबादादा पुन्हा निसटून इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. सवाई माधवराव अवघे पाच वर्षांचे, कारभार नाना फडणिसांच्या हाती. गोव्याचे पोर्तुगीज इंग्रजांकडे झुकू नयेत, ही पुण्याची गरज होती. मराठ्यांनी पकडलेल्या त्यांच्या ‘सांताना’ या जहाजाच्या भरपाईचा तगादाही जुनाच होता. दोन्ही गोष्टी एकदम मिटवणारा तह १७ डिसेंबर १७७९ रोजी झाला. पोर्तुगीजांच्या बाजूने पुण्यात बोलणी करत होते ते त्यांचे वकील नारायण शेणवी धुमे. गोव्याचा सारस्वत, पोर्तुगालचा वकील आणि पेशव्यांचा दरबार, अशी ती बैठक.

तहाच्या सतराव्या कलमात पेशव्यांनी कबूल केलं की, दोस्तीखातर दमणलगतच्या गावांतून बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना लावून देऊ. गावं प्रत्यक्ष हाती पडायला वेळ लागला. १७८३ आणि १७८५ अशा दोन सनदांनी ती नेमून दिली गेली. याच गावांचे पुढे दादरा आणि नगर हवेली असे दोन तुकडे ओळखले जाऊ लागले. किनाऱ्यावरच्या दमणपासून ते तुटलेले, चहूबाजूंनी मराठ्यांच्या मुलुखाने वेढलेले.

ही गावं दिली गेली ती सरंजाम म्हणून; इथे थांबून त्या शब्दाकडे नीट पाहिलं पाहिजे. मराठी राज्यव्यवस्थेत सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क. फौज बाळगावी, चाकरी करावी, त्याच्या खर्चासाठी अमुक गावांचं उत्पन्न घ्यावं. गाव सरंजामदाराचं होत नाही. मालक सरकारच राहतं आणि दिलेलं परत घेऊही शकतं. पेशव्यांच्या कारकुनांना हा फरक कोणी शिकवायची गरज नव्हती. पण वसूल आणि मालकी यांच्यातली ती बारीक रेघ पुढे पावणेदोनशे वर्षांनी हेगमधल्या न्यायाधीशांना उकलावी लागली.

ती रेघ पुसट झाली १८१८ मध्ये. पेशवाई बुडाली, देणारा धनी गेला. भोवतालचा मुलूख इंग्रजांचा झाला आणि त्यांनी या गावांतल्या पोर्तुगीजांना सरंजामदार म्हणून नव्हे, मालक म्हणूनच वागवलं. त्यासाठी नवा तह झाला नाही की नवी सनद निघाली नाही. कोणी विचारलं नाही, कोणी हरकत घेतली नाही. त्या गप्प राहण्यातून सरंजामाचं सार्वभौमत्व झालं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच गोष्ट. वारली, धोडिया, कोकणा लोकांची ती गावं, आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत हे ठरलं तिसऱ्याच दोघांच्या सोयीने.

मग सुरू झाली वहिवाट. दमणचा अंमलदार नगर हवेलीला जाई, व्यापारी माल नेत, सोयरेधायरे ये-जा करत. मधला पट्टा इंग्रजांचा, पण त्यांना कोणी अडवत नसे. शस्त्रधारी माणसांची गोष्ट वेगळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाच्या अठराव्या कलमाने ठरलं की, एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर मागणी केल्याशिवाय शिरायचं नाही. तहातच सांगितलेली काही कारणं तेवढी अपवाद. १८९० मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की, दमणची हत्यारबंद माणसं न विचारता आमच्या हद्दीतून गेली. त्यावर गोव्याहून लेखी उत्तर गेलं की, आमचं सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही. लिहिणाऱ्याने ते वेळ निभावून नेण्यासाठी लिहिलं असेल. सत्तर वर्षांनी तेच वाक्य पोर्तुगालच्या दाव्याला आडवं आलं.

१९४७ नंतर मधला पट्टा भारताचा झाला. पोर्तुगालचं सालाझार सरकार मात्र या वसाहतींना आपले सागरापलीकडचे प्रांतच म्हणत राहिलं. जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केला. पाठोपाठ आझाद गोमंतक दल आणि महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक नगर हवेलीत उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. संगीतकार सुधीर फडके या लढ्यात स्वतः होते, हे अनेकांना ठाऊक आहे. दमणहून कुमक पाठवायची, तर ती भारतातूनच न्यावी लागणार होती, आणि भारताने वाट बंद केली.

पोर्तुगालने चाल रचली ती कायद्याची. १४ डिसेंबर १९५५ रोजी त्याला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला. १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य केल्याचं जाहीर केलं आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा ठोकला. आठ दिवसांत सगळं. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये चार फेटाळल्या गेल्या, उरलेल्या दोन मूळ दाव्याबरोबर ऐकायचं ठरलं. भारताची बाजू मांडायला महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते. न्यायपीठावर भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश महंमद करीम छागला. मुंबई उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश राहिलेले.

आणि मग हेगच्या न्यायालयात पुण्याचा कागद वाचला गेला. सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ समोर ठेवून न्यायालयाने बारकाईने पाहिलं. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा ते तशी स्पष्ट भाषा वापरत. इथे ती नाही. बंड झालं तर मोडून काढायची मुभा पोर्तुगीजांना दिलेली आहे. मालकीच दिली असती, तर ही मुभा लिहून द्यायची गरज काय होती? न्यायालयाने निष्कर्ष काढला की, दिला तो जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पेशव्यांच्या कारकुनाचा नेमकेपणा तिथे मान्य झाला, याचा मराठी माणसाला आनंद वाटावा.

पण निकाल तिथे संपला नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी आणि पुढे भारतानेही पोर्तुगीजांची मालकी वागण्यातून मान्य केली, असं न्यायालयाने धरलं. आणि सव्वाशे वर्षं माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनअडथळा जात-येत होते, त्या दीर्घ वहिवाटीतून हक्क निर्माण झाला. रूढी म्हणजे अनेक देशांची चाल, असं सहसा मानलं जाई. फक्त दोन देशांमधली चालसुद्धा कायदा होऊ शकते, हे या खटल्यात ठाम झालं. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा: माणसं, मुलकी अधिकारी आणि मालासाठी १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता, अकरा विरुद्ध चार; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नव्हता, आठ विरुद्ध सात. त्या काळच्या तणावात वाट थांबवून भारताने कर्तव्य मोडलं नाही, नऊ विरुद्ध सहा. हक्क मिळाला, पण फौजेला वाट मिळाली नाही. छागलांनी स्वतंत्र मत लिहून पोर्तुगालचा हक्कच नाकारला. अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किंताना यांनी आणखी मुळाशी हात घातला: असा दावा उचलून धरणं म्हणजे वसाहतशाही जिवंत ठेवणं. माझ्या मते त्या निकालपत्रांतलं हे सर्वांत न्याय्य वाक्य आहे.

कारण या साऱ्या कागदांत त्या गावांतल्या लोकांचा आवाज नाही. तो असणं शक्यही नव्हतं. त्या न्यायालयात फक्त राष्ट्रं पक्षकार होऊ शकतात. तो आवाज दुसऱ्या सभागृहात उमटला. निकालानंतर आठ महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींतल्या जनतेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. नऊ देश तटस्थ राहिले, पोर्तुगाल त्यांत होता. ऑगस्ट १९६१ मध्ये घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा आणि नगर हवेली भारतात आली, डिसेंबरात गोवा आणि दमण-दीवही.

खटल्याची वाट मात्र पुढे चालत राहिली. अचानक दाव्याचा तो धडा भारत विसरला नाही. १९७४ मध्ये न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने अट घातली की, ज्या देशाने दाव्याआधी बारा महिन्यांच्या आत हा अधिकार स्वीकारला असेल, त्याचा दावा आम्हाला लागू नाही. आणि २००९ मध्ये कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांच्या सान हुआन नदीच्या वादात, काठावरच्या गरीब कोस्टा रिकन लोकांचा पोटापुरती मासेमारी करण्याचा हक्क त्याच न्यायालयाने दीर्घ वहिवाटीवरून मान्य केला. तिथे मात्र वहिवाट वापरणाऱ्यांच्याच कामी आली.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. दमणहून सिल्वासाला जायचं, तर आजही गुजरातमधल्या वापीवरून जावं लागतं, आणि त्या वाटेवर आता कोणी कोणाला अडवत नाही.