गोंदणारा हात

मराठी कवितेने ‘गोंदण’ हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. शांता शेळके यांच्या एका संग्रहाचे तर तेच नाव आहे. स्मृती, प्रेम, जखम, कशासाठीही हा शब्द प्रतिमा म्हणून हाताशी असतो. परंतु ज्या बाईच्या हातून ही खूण उमटत असे, ती मात्र आपल्या साहित्यविचारात जवळजवळ कोठेच भेटत नाही. दिल्ली आणि गुरुग्राम येथील खासगी टॅटू स्टुडिओंचा विचार करताना हा विसर प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. या स्टुडिओंनी घडवलेला सर्वांत मोठा बदल यंत्राचा नाही. गोंदणाऱ्याला नाव मिळाले, हा तो बदल होय.

जुना व्यवहार कसा होता? गोंदणारी बाई गावोगाव, बाजार-जत्रांतून फिरे. चार सुया एकत्र बांधलेल्या, काजळीचा काळा रंग, आणि वेदनेवर फुंकर घालावी तसे तोंडाने चाललेले गाणे किंवा बोलणे. मोबदला म्हणून पसाभर धान्य किंवा चार नाणी. कपाळावर व हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, क्वचित विंचू. मरताना अंगावरचे दागिने काढून घेतले जातात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत देशावर आणि विदर्भातही ऐकू येते. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात गोंड स्त्रियांच्या अंगावर गोंदणाऱ्या बायकांचा व्यवसाय नोंदवलेला आहे. मात्र ही नोंद जातीची आहे, व्यक्तीची नाही.

तुळशीचा नमुना त्या बाईने रचलेला नसे. तो तिने रचावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. आजीच्या हातावर जे आहे तेच नातीच्या हातावर उमटावे, यातच त्याचा अर्थ होता. जात्यावरच्या ओवीचे स्वरूपही असेच आहे. तरीही ओवीच्या वाट्याला जे भाग्य आले ते गोंदणाच्या वाट्याला आले नाही. हेमा राइरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव टिपून ठेवले. गोंदणारणींची अशी नोंद होणे तितकेच शक्य होते. ती कोणाला आवश्यक वाटली नाही, यात आपल्या अभ्यासाची शब्दनिष्ठा दिसते. शब्दात न मावणाऱ्या रचनेला आपण कलाकृती मानावयास फार उशीर करतो.

या खुणेचा दुसरा, कटू इतिहासही सांगितला पाहिजे. उत्तरेत तिला ‘गोदना’ म्हणतात. 1797 च्या कायद्याने कंपनी सरकारने बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदवण्याची तरतूद केली, आणि या शिक्षेलाही ‘गोदना’ हाच शब्द चिकटला. सुटलेला माणूस पागोटे खाली ओढून ते कपाळ झाकी. ही शिक्षा 1849 मध्ये रद्द झाली. म्हणजे एकाच शब्दाखाली सौभाग्याची खूण आणि सरकारचा शिक्का हे दोन्ही अर्धशतकभर नांदले. खूण कोणाच्या इच्छेने उमटली, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरत नाही. आपल्या अजाण मुलीला आजीसमोर बसवून गोंदवले जाई, तेव्हाही तिची इच्छा कोण विचारीत असे?

यंत्र आले ते अमेरिकेतून. एडिसनने 1876 मध्ये कागदावर छिद्रे पाडून प्रती काढण्यासाठी विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. तिच्याच कल्पनेवर आधारलेल्या गोंदणयंत्राचे पेटंट सॅम्युएल ओरायली याने 1891 मध्ये न्यूयॉर्क येथे मिळवले. लिहिण्याच्या साधनातून गोंदण्याचे साधन निघावे, हे एखाद्या समीक्षकाला सुचलेल्या रूपकासारखे वाटते. पण ते केवळ यांत्रिक सत्य आहे. तत्त्व मात्र जुन्या सुयांचेच राहिले. रंग वरच्या कातडीखालच्या थरात पोचला तरच टिकतो. तेथील पेशी त्याचे कण गिळून धरून ठेवतात. वर्षे उलटली की रेषा पसरते आणि काळा रंग निळसर होतो. आजीच्या हाताची ती निळाई अशी आलेली असते.

दिल्ली परिसरातील खासगी स्टुडिओ बहुधा रस्त्यावरचे दुकान नसतो. वस्तीतील एखाद्या मजल्यावरच्या खोल्या, आधी वेळ ठरवून येणारे मोजके ग्राहक, एका कामाला अख्खा दिवस. प्रथम संभाषण होते, मग रेखाटन, मग कातडीवर उमटवलेला कच्चा ठसा, आणि नंतर सुई. सुई एकदाच वापरायची. पुन्हा वापरायची साधने वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची. एका ग्राहकासाठी केलेले रेखाटन दुसऱ्याला न देणे हा चांगल्या कारागिराचा नेम असतो. गोंदणारणीच्या दृष्टीने हा नेम अगम्यच ठरला असता. कारागिराचे जगणे मात्र तिच्याइतकेच देहाला बांधलेले आहे: तासन्‌तास वाकलेली पाठ, ताणलेले डोळे, आणि खोडता न येणाऱ्या रेषेची जबाबदारी. ग्राहकाने आणलेली कल्पना सामान्य असेल तर ती नाकारायची की भाडे भरण्यासाठी स्वीकारायची, हा रोजचा पेच. लेखकाला संपादकासमोर हाच पेच पडतो, परंतु लेखकाला दुसरी आवृत्ती काढता येते.

या दोन जगांना जोडण्याचा गंभीर प्रयत्न मणिपूरमधून आलेल्या मोरांगम खालिंग यांनी केला आहे. ‘मो नागा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हैदराबादच्या राष्ट्रीय फॅशन संस्थेत शिकलेल्या या कलाकाराने नागा गोंदणाच्या लुप्त होत चाललेल्या नमुन्यांचा शोध घेतला आणि दिल्लीत ‘गोदना ग्राम’ उभे केले. कोन्याक नागांमध्ये वेताच्या काट्यांनी गोंदण्याचे काम प्रमुखाच्या राणीकडे असे. शत्रूचे शिर आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती नक्षी येई. शिरच्छेदाची प्रथा संपली, तेव्हा तो अर्थही संपला. असा नमुना दिल्लीतील परक्या ग्राहकाला द्यावा काय? जुनी नक्षी जशीच्या तशी न उचलता तिच्या व्याकरणातून नवी रचना करणे, हा या कलाकाराचा मार्ग मला योग्य वाटतो. परंपरेशी इमान राखण्याची जी रीत आपण चांगल्या कवीच्या बाबतीत मान्य करतो, तीच ही.

2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. केंद्रीय पोलीस दलांत भरती होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे अपात्र ठरवले होते, कारण सलाम त्याच हाताने करावयाचा असतो. न्यायालयाने त्याला ते काढून टाकून नव्या वैद्यकीय मंडळापुढे उभे राहण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत दिली.